मोकळ्या रस्त्यावर गाडी बुजते: दोष रडारचा, कॅमेऱ्याचा की तिसऱ्याच कुणाचा?

पुढे कुणी नाही, वेग स्थिर आहे, आणि गाडी स्वतःहून एकदम ब्रेक मारते. सीटबेल्ट छातीत रुततो, मागचा हॉर्न मारतो, डॅशबोर्डवर लाल चिन्ह उमटून नाहीसं होतं. वर्कशॉपमध्ये नेली तर स्कॅनरवर एकही फॉल्ट कोड (बिघाडाची नोंद) नाही. परतीच्या वाटेवर पुन्हा तेच. घोडा सावलीला बुजतो तशी गाडी बुजते, आणि ती कशाला बुजली हे कुणालाच सांगता येत नाही.

सेन्सरचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा नेम अचूक लावणं, हे माझं रोजचं काम आहे, आणि ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्मे लोक रडार बदलून मग माझ्याकडे येतात. म्हणून आधीच सांगतो: फॉल्ट कोड नसणं हीसुद्धा एक माहिती आहे. कोड पडतो तो सेन्सरचा संपर्क तुटला, आतलं काही जळलं किंवा तोंडावर चिखल बसून तो आंधळा झाला तर. बुजणाऱ्या गाडीत सेन्सर ठणठणीत असतो. त्याला जे दिसलं ते त्याने कळवलं, आणि ब्रेकने हुकूम पाळला. तेव्हा 'कुठला सेन्सर बिघडला' हा प्रश्न सोडा आणि 'कुठल्या सेन्सरला अशा ठिकाणी, अशा वेळी भास होऊ शकतो' हा विचारा. रेडिओ लहरींनी बघणारं रडार, कॅमेरा आणि प्रकाशाच्या ठोक्यांनी अंतर मोजणारा लायडार, तिघांनाही भास होतात, पण प्रत्येकाच्या भासाची तऱ्हा वेगळी, आणि त्या तऱ्हेवरूनच चोर सापडतो.

आधी ब्रेक कुठला होता ते ओळखा

लोक सगळ्यालाच 'आपोआप ब्रेक' म्हणतात. खरं तर ते तीन वेगळे प्रकार आहेत.

कर्कश आवाज, लाल चिन्ह आणि जोरदार झटका असेल तर तो इमर्जन्सी ब्रेक. क्रूझ (पाय न लावता ठरवलेला वेग राखणारी सोय) चालू असताना आवाज न करता वेग ८० वरून ६५ वर ओसरला, तर ते अॅडाप्टिव्ह क्रूझचं, म्हणजे पुढच्या वाहनापासून अंतर राखणाऱ्या क्रूझचं काम. त्याने कुणाला तरी पुढचं वाहन समजलं. आणि क्रूझवर असताना एका ठरावीक जागी वेग नेमका ४० किंवा ६० वर येऊन थांबला, तर सेन्सरला अडथळा दिसलेलाच नाही. कॅमेऱ्याने शेजारच्या सेवारस्त्याची वेगमर्यादेची पाटी वाचली, किंवा नकाशाला वाटलं की तुम्ही पुलावर नसून पुलाखालच्या रस्त्यावर आहात. हा तिसरा प्रकार असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. सेटिंगमध्ये जाऊन पाटी वाचून वेग बदलण्याची सोय बंद करा, नकाशा अद्ययावत करा, झालं.

(रिव्हर्स घेताना गवताच्या पात्याला किंवा उताराच्या कडेला अडखळणारी गाडी हा विषयच निराळा. तिथे बंपरमधले अल्ट्रासॉनिक सेन्सर असतात आणि त्यांची पोहोच काही मीटरचीच. ते आज बाजूला ठेवू.)

एक वही ठेवा

आठवडाभर प्रत्येक वेळी पाचच गोष्टी लिहा: जागा, वेळ, तोंड कुठल्या दिशेला, रस्ता सरळ की वळण, आणि गाडीत वजन किती. शक्य असेल तर डॅशकॅमचं चित्रण जपून ठेवा. ही वही हजार रुपयांच्या स्कॅनिंगपेक्षा जास्त बोलते असं मी म्हणतो, आणि ग्राहक हसतात. पण बघा.

रोज त्याच पुलाखाली, दिवसा आणि रात्रीही बुजली, तर बोट रडारकडे. संध्याकाळी पश्चिमेला जाताना बुजते आणि सकाळी त्याच दिशेने जाताना बुजत नाही, तर कॅमेरा. जागा कुठलीही असो पण वळणावरच बुजते, तर बहुधा दोघेही निर्दोष. त्याची गोष्ट पुढे येईल. फक्त पावसात, मोठ्या वाहनामागच्या तुषारांत बुजते आणि गाडीत लायडार आहे, तर त्याच्याकडे बघा. फक्त सहकुटुंब सामान भरून निघाल्यावर बुजते, तर मागची स्प्रिंग आणि टायरमधली हवा.

रडार: लांबचं आणि वेगाचं पक्कं, आकाराचं कच्चं

पुढच्या लोगोच्या मागे किंवा खालच्या जाळीत एक तळहाताएवढी डबी असते. ती ७६ ते ७७ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडते. त्यांची लांबी साधारण ४ मिलिमीटर. धुकं, पाऊस, अंधार यांचं तिला फारसं काही वाटत नाही. समोरची वस्तू किती वेगाने जवळ येते हे ती डॉप्लरवरून, म्हणजे परतलेल्या लहरीच्या बदललेल्या वारंवारतेवरून, थेट मोजते. कॅमेऱ्याला हे दोन चित्रांची तुलना करून काढावं लागतं, रडारला एकाच फेरीत मिळतं. अंतराचंही तसंच. इथवर रडारसारखा सेन्सर नाही.

पण दिशा आणि आकार? तिथे ते पार अडाणी. अँटेना जितकी रुंद तितकी नजर बारीक, आणि बंपरच्या आत जागा असते ७-८ सेंटीमीटरची. त्यातून मिळते जेमतेम पावणेतीन अंशांची सूक्ष्मता. म्हणजे १०० मीटरवर जवळपास पाच मीटरचा एक ठिपका, एका लेनपेक्षा रुंद. त्या ठिपक्यात शेजारच्या लेनमधलं वाहन आहे, कठड्याचा खांब आहे की तुमच्याच लेनमध्ये उभा ट्रक, हे रडार एकट्याने ठामपणे सांगू शकत नाही. उंचीचं तर विचारूच नका. जुन्या रडारना उंची कळतच नाही. रस्त्यावर आडवा पडलेला लोखंडी पत्रा आणि डोक्यावरचा पूल दोन्ही त्यांना 'समोर काहीतरी धातूचं' एवढेच दिसतात. नवीन 'इमेजिंग' रडार उंचीसुद्धा मोजतं आणि नजरही बारीक असते, पण रस्त्यावर आज धावणाऱ्या बहुतेक गाड्यांत ते नाही.

त्यात धातूचा आकार खेळ करतो. काटकोनात मिळालेले दोन-तीन पृष्ठभाग असले की लहर आत जाऊन नेमकी आली त्याच वाटेने परतते. त्यामुळे रस्त्यावरचं पन्हळीचं झाकण किंवा चेपलेला डबा रडारला उजळ दिसू शकतो आणि समोर उभा माणूस मात्र फिका.

मग दर पुलाला गाडी का थांबत नाही? कारण कारखान्यात एक तडजोड केलेली असते. स्थिर वस्तू बरोबर तुमच्याच वेगाने तुमच्याकडे येताना दिसते, म्हणजे ती जमिनीला खिळलेली आहे हे रडारला लगेच कळतं. अशा प्रतिध्वनींपैकी बहुतेक सरळ बाजूला टाकले जातात, किंवा कॅमेऱ्याने दुजोरा दिला तरच मानले जातात. अॅडाप्टिव्ह क्रूझच्या माहितीपुस्तकात 'थांबलेली वाहने ओळखली जातीलच असे नाही' ही ओळ असते ती याच तडजोडीमुळे. चाळणी घट्ट केली तर पुलाला बुजणं थांबतं, पण खरोखर बंद पडून उभा असलेला ट्रकही निसटू शकतो. सैल केली तर उलट. 'माझ्या गाडीचं बुजणं शून्यावर आणून द्या' असं सांगणाऱ्याला मी हे समजावून सांगतो, कारण शून्य मागणं म्हणजे कधीतरी खऱ्या ब्रेकवरही पाणी सोडणं.

अमेरिकेच्या वाहन सुरक्षा प्रशासनाने २०२४ मध्ये इमर्जन्सी ब्रेकसाठी जो नियम जाहीर केला, त्यात खोट्या ब्रेकची चाचणीही आहे, आणि त्या चाचणीतला एक अडथळा म्हणजे रस्त्यावर अंथरलेला लोखंडी पत्रा. खोदकामावर टाकतात तसा. रडारच्या दुखण्याची यापेक्षा नेमकी नोंद मी पाहिली नाही.

आता तपासायचं काय.

पहिला प्रश्न: बंपर कधी रंगवला का? चार मिलिमीटरची लहर प्लॅस्टिकमध्ये शिरली की आणखी आखूड होते, अडीच मिलिमीटरच्या आसपास. कारखान्यात बंपरची किंवा लोगोची जाडी त्या हिशेबाने ठरवलेली असते, म्हणजे लहर आतल्या आत उलटून येऊ नये. त्यावर रंगारी अर्धा मिलिमीटर पुट्टी आणि वर धातूची चकमक असलेला रंग चढवतो. डोळ्याला सुरेख, पण रडारच्या दृष्टीने तो वाकडा चष्मा. लहर कमकुवत होते, आणि वाईट म्हणजे किंचित वळते. शेजारच्या लेनमधला ट्रक मग तुमच्या लेनमध्ये दिसतो. स्टिकर, रॅपची फिल्म, नंबरप्लेटची जाड फ्रेम, बाजारात मिळणारा चकाकता पर्यायी लोगो, सगळ्यांचं हेच. लोगोमागे रडार असेल तर तो लोगो लहरी आरपार जाऊ देणाऱ्या खास प्लॅस्टिकचा असतो. क्रोमचा मुलामा दिलेला दुसरा बसवला की कारभार संपला.

दुसरा प्रश्न: पार्किंगमध्ये टेकली होती का? रडारचा कंस (त्याला धरून ठेवणारी ब्रॅकेट) एका अंशाने वाकला तर १०० मीटरवर पावणेदोन मीटरची चूक होते, म्हणजे अर्धी लेन. बंपर पुन्हा जागेवर येतो, ओरखडा पॉलिशने जातो, कंस मात्र वाकलेलाच राहतो. बंपर उतरवल्याशिवाय हे दिसत नाही. कंस वाकडा असताना सॉफ्टवेअरने कॅलिब्रेशन करू नका; त्याची भरपाई करण्याची मर्यादा थोडी असते, आणि ती संपली की मग मात्र कोड पडतो.

रडारचा आणखी एक ठळक भास म्हणजे आरशातली प्रतिमा. लांबलचक लोखंडी कठडा किंवा बोगद्याची भिंत असली की लहर तिच्यावर आपटून वाहनापर्यंत जाते आणि तशीच परतते. रडारला मग कठड्याच्या पलीकडे एक वाहन दिसतं जे तिथे नाहीच. अशा ठिकाणी महिन्यातून एकदा बुजली तर मी गाडीला हात लावत नाही.

कॅमेरा: सगळं वाचतो, अंतर मात्र अंदाजाने

आतल्या आरशाच्या मागे काचेला चिकटलेला डोळा. पट्टे, पाट्या, सिग्नलचा रंग, सायकलस्वार आणि खांब यांतला फरक हे फक्त त्यालाच कळतं. बाकी दोघांपुढे अक्षरं काळी की लाल हा प्रश्नच नसतो.

पण एकाच कॅमेऱ्याला अंतर दिसत नाही. तो ते गृहीतकावरून काढतो: वस्तूचा तळ रस्त्याला जिथे टेकतो ती रेघ क्षितिजाच्या किती खाली आहे. हे गृहीतक किती नाजूक आहे बघा. कॅमेरा जमिनीपासून १.३ मीटर उंच आणि समोरचं वाहन ५० मीटरवर. त्याचा तळ क्षितिजाखाली सुमारे दीड अंश दिसतो. आता गाडीचं नाक अर्ध्या अंशाने वर उचललं गेलं आणि कॅमेऱ्याला ते कळलं नाही, तर तो कोन दोन अंश वाटतो आणि अंतर निघतं ३७ मीटर. नाक अर्धा अंश खाली गेलं तर तेच वाहन ७५ मीटरवर. अर्ध्या अंशात एवढा गोंधळ.

म्हणून वहीत वजन लिहायला सांगितलं. डिकी भरली, मागची बाजू ५ सेंटीमीटर बसली, दोन चाकांतलं अंतर २.६ मीटर धरा: नाक १.१ अंशाने वर. कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे बघून आपलं क्षितिज जुळवत राहतो, त्यामुळे सपाट रस्त्यावर हे सहसा निभावतं. पट्टे पुसलेल्या, खड्ड्यांच्या, चढउताराच्या रस्त्यावर निभावत नाही. शिवाय नाक वर गेलं की रडारचाही झोत उचलला जातो आणि पाट्यांच्या कमानी आणि पूल त्याच्या नजरेत जास्त येतात. दोघेही एकाच वेळी एकाच बाजूला चुकले की दुजोऱ्याचा काही उपयोग उरत नाही. मागचे थकलेले स्प्रिंग बदलून बुजणं थांबलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि दरवेळी मालकाच्या चेहऱ्यावर तोच संशय: सेन्सरची तक्रार होती, हा सस्पेन्शन काय बदलतोय?

दोन कॅमेरे असलेल्या गाड्यांत अंतर दोन चित्रांतल्या फरकावरून निघतं, डोळ्यांसारखं. ते जवळ उत्तम. पण चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २५ मीटरवर जितकी, ५० वर तिच्या चौपट, १०० वर सोळापट.

ऊन हा कॅमेऱ्याचा जुना वैरी. मावळतीला सूर्य थेट भिंगात, बोगद्यातून बाहेर पडतानाचा पांढरा झगमगाट, उड्डाणपुलाची रस्त्यावर पडलेली काळी, धारदार सावली. चांगले कॅमेरे उजेड-अंधाराची प्रचंड तफावत एकाच चित्रात पकडतात, पण काच घाण असेल तर त्या कौशल्याला अर्थ नाही. आणि काच म्हणजे बाहेरची नव्हे. बाहेरची वायपर पुसतो. कॅमेऱ्यासमोरची आतली बाजू, कव्हरच्या आतली, कुणीच पुसत नाही. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून निघणारी वाफ वर्षानुवर्षं तिथे एक धूसर थर जमवते. समोरून उजेड आला की तो थर दुधासारखा चमकतो. कव्हर काढून तो पुसणं हा माझ्याकडचा सगळ्यात स्वस्त इलाज आहे, आणि संध्याकाळच्या तक्रारींत तो सगळ्यात आधी करून बघावा. कापड मऊ घ्या, भिंगाला हात लावू नका.

काच बदलली असेल तर प्रश्नच मिटला: कॅलिब्रेशन केलं होतं का ते विचारा. पुष्कळदा उत्तर 'कॅमेरा काढून पुन्हा तसाच बसवला' असं येतं. तसाच बसत नाही. नव्या काचेचा कंस, गोंदाची जाडी, काचेची वक्रता यांत केसभर फरक असतोच, आणि केसभर म्हणजे इथे अर्धा अंश. काही गाड्यांना वर्कशॉपमध्ये फलक लावून कॅलिब्रेट करावं लागतं, काहींना स्कॅनर जोडून ठरावीक वेगाने रस्त्यावर फिरवावं लागतं, काहींना दोन्ही. कॅमेऱ्याच्या शेजारी चिकटवलेला डॅशकॅम, वरच्या पट्टीवरची गडद फिल्म, टोलचा टॅग हेही एकदा काढून बघा.

२०२१ मध्ये टेस्लाने उत्तर अमेरिकेत मॉडेल ३ आणि मॉडेल वाय यांतून रडार काढून टाकलं आणि सगळा भार कॅमेऱ्यांवर दिला. २०२२ च्या फेब्रुवारीत तिथल्या सुरक्षा प्रशासनाने विनाकारण ब्रेकच्या ३५४ तक्रारींवरून सुमारे ४ लाख १६ हजार गाड्यांची चौकशी सुरू केली. यावरून 'बघा, रडार काढलं की हे होतं' असं म्हणायचा मोह होतो. पण त्याच महिन्यात होंडाच्या सुमारे १७ लाख गाड्यांचीही याच कारणाने चौकशी सुरू झाली, आणि त्यांत रडार आणि कॅमेरा दोन्ही होते. सेन्सरची संख्या वाढवून हा प्रश्न आपोआप सुटत नाही.

वळणावरच बुजते? सेन्सर सोडा, स्टिअरिंग बघा

वर्षभरापूर्वी एक गाडी माझ्याकडे आली. दोन ठिकाणी दाखवून झाली होती, रडार एकदा बदललेलं, कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन दोनदा. तक्रार एकच: हलक्या वळणावर शेजारच्या लेनमधल्या वाहनाला बघून ब्रेक. मी चालवायला बसलो आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित तिरकं. मालक म्हणाले, "ते तर अलाइनमेंट केल्यापासून असंच आहे, त्याचा काय संबंध?"

संबंध असा. सेन्सर समोर काय आहे ते सांगतात. पण त्यातलं काय *तुमच्या वाटेत* आहे हे गाडी स्टिअरिंगच्या कोनावरून आणि स्वतःच्या वळण्याच्या गतीवरून ठरवते. गाडी पुढे कुठून जाणार याची एक अदृश्य वाट ती आखते आणि त्या वाटेत जो येईल तो अडथळा. अलाइनमेंट झाल्यावर स्टिअरिंग कोनाचा शून्य पुन्हा शिकवला नाही आणि तो ३ अंशांनी चुकलेला राहिला, तर? स्टिअरिंगचं गुणोत्तर १५ धरलं (स्टिअरिंग १५ अंश फिरलं की चाक १ अंश वळतं) तर चाकात ०.२ अंशाची चूक. नगण्य वाटते. पण तेवढ्याने आखलेली वाट ६० मीटरवर सव्वादोन मीटर आणि ८० मीटरवर चार मीटर बाजूला सरकते. वळण्याची गती मोजणारा सेन्सर ही चूक बरीच कमी करतो, सगळी नाही. सरळ रस्त्यावर पट्टे बघून कॅमेरा सावरतो. वळणाच्या तोंडाशी, जिथे सगळ्यांचा अंदाज आधीच डळमळीत असतो, तिथे ती उघडी पडते.

मागच्या चाकांचं अलाइनमेंट करून स्टिअरिंगचा शून्य शिकवला, मग रडारचं कॅलिब्रेशन त्या नव्या सरळ रेषेला धरून केलं. क्रम हाच. रडारचा नेम गाडीच्या सांगाड्याला नव्हे, ती प्रत्यक्ष ज्या दिशेने धावते त्या रेषेला धरून लावायचा असतो. मागची चाकं तिरकी असतील तर गाडी खेकड्यासारखी किंचित तिरपी धावते, आणि सांगाड्याला धरून लावलेलं रडार कायम बाजूला बघत राहतं. आधी कॅलिब्रेशन आणि नंतर अलाइनमेंट करणाऱ्याने पैसे दोनदा खर्च केले असं समजा.

टायरचा आकार बदलला असेल तर तेही सांगा. वेग आणि उंची दोन्ही बदलतात.

लायडार: आकाराचा राजा, पाण्याच्या थेंबापुढे हैराण

तुमच्या गाडीत तो बहुधा नाही. २०१७ मध्ये आलेल्या ऑडी ए८ पासून तो आजच्या रूपात विक्रीच्या गाड्यांत दिसू लागला, आता छताच्या कडेला किंवा जाळीत एक काळी काच म्हणून दिसतो. पण रडार आणि कॅमेऱ्यात नेमकं काय कमी आहे हे तो असला की कळतं.

प्रकाशाचा अगदी लहान ठोका सोडायचा आणि परत यायला लागलेला वेळ मोजायचा, एवढंच. १०० मीटरला जाऊन येऊन सुमारे ६६७ नॅनोसेकंद. एक नॅनोसेकंद म्हणजे १५ सेंटीमीटर. दोन किरणांतलं अंतर ०.१ अंश असेल तर १०० मीटरवर दर १७ सेंटीमीटरला एक बिंदू. रडारच्या पाच मीटरच्या ठिपक्याशेजारी हे ठेवून बघा. पूल डोक्यावर आहे की रस्त्यावर, हा रडारचा आणि कॅमेऱ्याचा कायमचा घोळ लायडारला पडतच नाही.

त्याचे भास वेगळे. ट्रकच्या मागे उडणारे तुषार, थंडीत धुरांड्यातून निघणारी वाफ, दाट धुकं यांतल्या थेंबांवरून प्रकाश परत येतो आणि हवेत एक भिंत उभी राहते. चांगले लायडार एकाच ठोक्याचे दोन-तीन प्रतिध्वनी घेतात आणि पहिला थेंबाचा, शेवटचा खऱ्या वस्तूचा असं वेगळं करतात. दुसरा भास चमकत्या पाट्यांचा. रात्री दिव्यात झळकणारी पाटी प्रकाश थेट आल्या दिशेने परत फेकते. लायडारची ग्रहणशक्ती भरून वाहते आणि पाटीच्या भोवती भुताची पाटी दिसते. उलट काळी, ओली गाडी प्रकाश गिळते किंवा भलतीकडे उडवते. म्हणून लायडारची पोहोच वाचताना ती किती टक्के परावर्तनासाठी सांगितली आहे ते बघावं. १० टक्क्यांना २०० मीटर आणि ८० टक्क्यांना २०० मीटर यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

९०५ नॅनोमीटरचे आणि १५५० नॅनोमीटरचे असे दोन घराणे आहेत. दुसऱ्याचा प्रकाश डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचण्याआधीच शोषला जातो, म्हणून जास्त ताकदीने सोडता येतो. मात्र पाणीही तो जास्त शोषतं. त्याच ताकदीमुळे अशा चालू लायडारवर मोबाईलचा कॅमेरा जवळून रोखू नका. तुमचा डोळा वाचेल, कॅमेऱ्याच्या सेन्सरवर कायमचे डाग पडू शकतात.

तपासणी साधी: काच स्वच्छ आणि ओरखड्यांविना आहे का, फवाऱ्याचं पाणी तिथवर पोचतं का, वॉशरच्या टाकीत नुसतं पाणी आहे की साबणाचा जाड घोळ. पॉलिश किंवा मेण लावू नका. हलला असेल, तर कॅलिब्रेशन.

सगळे दुरुस्त, तरी बुजते

इथे सॉफ्टवेअर उरतं. १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतल्या टेंपी शहरात उबरच्या स्वतः चालणाऱ्या चाचणी गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली. चौकशी अहवालानुसार सेन्सरनी धडकेच्या ५.६ सेकंद आधीच तिला टिपलं होतं. पण प्रणाली तिला कधी वाहन, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल ठरवत राहिली, आणि दर वेळी ती कुठे निघाली आहे याचा हिशेब नव्याने सुरू. दिसणं आणि उमगणं यांत दरी असते. ती एका बाजूला अपघात घडवते आणि दुसऱ्या बाजूला रिकाम्या रस्त्यावर ब्रेक. ही दरी वर्कशॉपमध्ये बुजवता येत नाही. अपडेट आलं आहे का एवढं विचारता येतं, आणि ते नक्की विचारा, कारण रडार-कॅमेऱ्याच्या मेळातले कितीतरी दोष त्यातूनच निघाले आहेत.

तोवर चालवायचं कसं? क्रूझ बंद ठेवा, इमर्जन्सी ब्रेक शक्यतो चालू. बुजली की बहुतेक गाड्यांत अॅक्सिलरेटर ठामपणे दाबला की ब्रेक सुटतो. तुमच्या गाडीत तसं आहे का ते माहितीपुस्तकात बघून ठेवा, प्रसंगी शोधू नका. इशारा 'लवकर' वर असेल तर 'मध्यम' वर आणा. भरधाव वाहतुकीत, मागे अवजड वाहनं असताना दिवसाआड जोराचा ब्रेक लागत असेल तर मात्र दुरुस्त होईपर्यंत तो बंद केलेला बरा, आणि बंद आहे हे गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला सांगा. पुष्कळ गाड्यांत गाडी पुन्हा सुरू केली की तो आपोआप चालू होतो, हेही लक्षात असू द्या.

वर्कशॉपला जाताना वही, चित्रण, आणि तीन उत्तरं तयार ठेवा: काच कधी बदलली, बंपर कधी रंगवला, अलाइनमेंट शेवटचं कधी. टायरमध्ये हवा बरोबर, डिकी रिकामी, इंधनाची टाकी माहितीपुस्तकात सांगितलेल्या पातळीला. काम झाल्यावर कॅलिब्रेशनचा छापील अहवाल मागा, त्यात आधीचा आणि नंतरचा कोन लिहिलेला असतो. दोन्ही आकडे सारखेच असतील तर ज्या जागी गाडी बुजत होती तिथे फिटरला शेजारी बसवून एक फेरी मारा, मगच बिल भरा.